आई-बाबा बिझनेसमध्ये, मुलगा इकॉनॉमीत: लाउंजमध्ये तिघं एकत्र कसे बसतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरचे एक गृहस्थ 74 वर्षांच्या वडिलांना आणि 71 वर्षांच्या आईला घेऊन शिकागोला बहिणीकडे निघालेत. आई-बाबांची तिकिटं बिझनेस क्लासची, यांचं इकॉनॉमीचं. इंदूर–दिल्ली एअर इंडिया, पुढे दिल्ली–फ्रँकफर्ट–शिकागो लुफ्थान्सा, आणि तीन महिन्यांनी त्याच रस्त्यानं परत. यांच्याकडे विस्तारा या विमान कंपनीच्या काळापासूनचं, आता एअर इंडियाचं झालेलं, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं गोल्ड कार्ड आहे, शिवाय बँकेचं एक क्रेडिट कार्ड. बाबांना व्हीलचेअर लागते. आईला मधुमेह आहे आणि अनोळखी ठिकाणी एकटं बसायला ती घाबरते. विमानतळावरच्या लाउंजबद्दल, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या आरामकक्षाबद्दल, यांनी विचारलंय, "आई-बाबा लाउंजमध्ये आणि मी बाहेर खुर्चीवर, असं तर होणार नाही ना?"

इंदुरात तिकिटांचं काम करता करता मला 27 वर्षं झाली. लाउंजबद्दल लोक बहुधा "मला मिळेल का?" एवढंच विचारतात. तुम्ही "आम्हाला एकत्र मिळेल का?" असं विचारलंत, आणि तो प्रश्न जास्त अवघड आहे, कारण लाउंजचे नियम कुटुंबाला लागू होत नाहीत, एकेका माणसाला लागू होतात. उत्तर आधी सांगून टाकतो. प्रवासात बहुतेक ठिकाणी तुम्ही तिघं एकत्र बसू शकाल, पण प्रत्येक विमानतळावर त्यासाठीचा हिशोब वेगळा आहे. निदान एका ठिकाणी तरी आई-बाबांना आपल्या हक्काचं जास्त चांगलं लाउंज सोडून तुमच्याबरोबर साध्या लाउंजमध्ये यावं लागेल.

लाउंजच्या दारावर बसलेली व्यक्ती काय बघते ते आधी समजून घ्या. तिकिटाला किती पैसे मोजले, कितव्यांदा उडताय, यातलं काहीही तिच्या स्क्रीनवर नसतं. ती बोर्डिंग पास स्कॅन करते. इथून पुढचं विमान कोणती कंपनी चालवते, त्यात या माणसाची सीट कोणत्या क्लासची आहे, आणि नावावर कार्डाचा दर्जा कोणता आहे, एवढंच तिला दिसतं. आलात ते विमान कोणतं होतं हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. म्हणून "आम्ही शिकागोहून बिझनेसनं आलो आहोत" हे दिल्लीत इंदूरच्या विमानाची वाट बघताना सांगितलं, तर त्यावर दार उघडेलच असं नाही. "इथून पुढचं विमान" हे शब्द लक्षात ठेवा, खाली सगळीकडे तेच लागतील.

आता तुमच्या घरातले दोन हक्क. लुफ्थान्सा आणि एअर इंडिया या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. एअर इंडिया 11 जुलै 2014 ला त्यात आली. विस्तारा कधीच कोणत्या गटात नव्हती. 12 नोव्हेंबर 2024 ला तिचं एअर इंडियात विलीनीकरण झालं आणि तिच्या कार्डवाल्यांना एअर इंडियाचं सदस्यत्व मिळालं. तुमचं गोल्ड आज जगभर ‘स्टार गोल्ड’ म्हणून चालतं ते त्यामुळे. स्टार गोल्डचा नियम उदार आहे. तुम्ही इकॉनॉमीत असा की कुठेही, पुढचं विमान स्टारच्या कंपनीचं असलं की तुम्हाला लाउंज मिळतं आणि सोबत एक पाहुणा नेता येतो. तो पाहुणाही स्टारच्याच विमानानं जाणारा हवा.

बिझनेस क्लासच्या तिकिटाचा हक्क दिसायला मोठा, पण एका बाबतीत तोकडा आहे. ज्याचं तिकीट तोच आत जाणार, त्याला पाहुणा नेता येत नाही. फर्स्ट क्लासवाल्याला एक पाहुणा नेता येतो, बिझनेसवाल्याला नाही. म्हणजे आई-बाबा बिझनेसमध्ये आहेत म्हणून ते तुम्हाला आत नेतील, हे होणार नाही. तुम्हाला आत नेणार आहे ते तुमचं गोल्ड. तुमच्या तिघांची गोष्ट जमते ती केवळ या कार्डामुळे, आणि म्हणून पहिलं काम हे की त्याची मुदत बघा. जाताना कार्ड चालू आणि तीन महिन्यांनी परतीच्या दिवशी संपलेलं, असं झालं तर शिकागोत आणि फ्रँकफर्टमध्ये तुम्ही बाहेर आणि आई-बाबा आत, नेमकं तुम्हाला नको तेच होईल. मुदत प्रवासाच्या दिवशी तपासली जाते, तिकीट काढल्याच्या दिवशीची नाही.

मी एवढं बारकाईनं का सांगतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी रामबागेतल्या एका जोडप्याला मी परदेशी पाठवलं. सोबत त्या बाईंची मोठी बहीण होती. यजमानांकडे गोल्ड होतं. मी फोनवर म्हणालो, "गोल्ड आहे ना, मग लाउंजमध्ये निवांत बसा." माणसं तीन आणि पाहुणा एक, हे मी मोजलंच नाही. दारावर त्यांना सांगितलं की दोघंच आत येऊ शकतात. 70 वर्षांची ती बहीण सगळ्यांच्या पिशव्या घेऊन चार तास गेटजवळ बसली, कारण "तुम्ही जा, मी सामान बघते" असंच आपल्या घरातल्या बायका म्हणतात. परत आल्यावर त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मला ते जास्त लागलं. त्यानंतर कुटुंब मोठं असलं की मी प्रत्येक विमानतळासाठी एक ओळ लिहून देतो: कोण कशावर आत जाणार. तुमच्यासाठी तेच करतो.

इंदूरपासून सुरुवात. आपल्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर कोणत्याही विमान कंपनीचं स्वतःचं लाउंज नाही. इथलं लाउंज कंपन्यांशी आणि बँकांशी करार करून चालतं. अशा लाउंजमध्ये नुसता बोर्डिंग पास दाखवून भागत नाही. एअर इंडियाच्या चेक-इन काउंटरवर ‘लाउंजची स्लिप’ मागायची. तुमच्या गोल्डवर आणि आई-बाबांच्या क्लासवर इथे त्या दिवशी काय मिळतं ते तिथेच कळेल. मागितल्याशिवाय स्लिप हातात येईलच असं नाही, आणि सुरक्षा तपासणी झाल्यावर काउंटरवर परत येता येत नाही. पण इंदूरचा फार विचार करू नका. घरातून जेवून निघा. इथे मोठी प्रतीक्षा नसते आणि तिघांना मिळून बसायला गेटसमोरच्या खुर्च्याही पुरतात.

इंदूरबाबत एक गोष्ट मात्र आजच तपासा. तिकिटावर ‘एअर इंडिया’ लिहिलेलं असलं तरी खाली बारीक अक्षरांत विमान कोण चालवतं ते दिलेलं असतं. तिथे एअर इंडिया एक्सप्रेस असेल तर ती कंपनी स्टार अलायन्सची सदस्य नाही, आणि त्या विमानासाठी तुमचं स्टार गोल्ड चालत नाही. इंडिगोही कोणत्या गटात नाही, तिच्या विमानावर दुसऱ्या कंपनीचा कोड लागला, म्हणजे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या नावानं निघालं, तरी हिशोब इंडिगोचाच. इंदूरहून निघणाऱ्या आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, कारण इथून उडणारी बरीच विमानं या दोन कंपन्यांची असतात.

दिल्लीला तुम्ही संध्याकाळी उतराल आणि लुफ्थान्साचं विमान मध्यरात्रीनंतर सुटेल, म्हणजे तारीख बदलते. लोक घाबरतात की "आजच्या तारखेचं विमान नाही म्हणून आत घेणार नाहीत." स्टारच्या नियमात त्याच दिवशीचं किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे 5 पर्यंतचं उड्डाण चालतं. त्यामुळे तारखेची अडचण नाही. अडचण वेगळीच येऊ शकते. करारावरची लाउंजं उड्डाणाच्या साधारण 3 तास आधीपासूनच आत घेतात आणि रात्री 11 ते 2 या वेळात दिल्लीच्या टर्मिनल 3 वर गर्दी फार असते, कारण युरोपची विमानं एकामागोमाग एक त्याच वेळी सुटतात. आईच्या गोळ्या आणि जेवण रात्री 8 ला असेल तर त्यासाठी लाउंजवर विसंबू नका. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, दोन लाडू असा डबा इंदूरहून घ्या. कोरडं खाणं सुरक्षा तपासणीत अडत नाही. दही, लोणचं, पातळ चटणी मात्र 100 मिलीच्या नियमात अडकते.

दिल्लीत तिघांचा हिशोब सोपा आहे. पुढचं विमान लुफ्थान्साचं. बाबा बिझनेसवर, आई बिझनेसवर, तुम्ही गोल्डवर. तिघंही स्वतःच्या हक्कानं आत. तुमचा एक पाहुणा शिल्लकच राहतो. इथे काउंटरवर एकच विचारा: "बिझनेसवाल्यांना आणि गोल्डवाल्यांना एकाच लाउंजला पाठवता ना?" वेगळी सांगितली तर म्हणा, "आई-बाबांना माझ्याबरोबर बसायचं आहे, आमची सोय एकाच ठिकाणी करा." हे इमिग्रेशनच्या आधी विचारायचं. आंतरराष्ट्रीय बाजूला गेलात की देशांतर्गत बाजूच्या लाउंजमध्ये परत येता येत नाही.

फ्रँकफर्टला नीट लक्ष द्या. तिथे लुफ्थान्साची लाउंजं दर्जावार आहेत. बिझनेसच्या तिकिटाला ‘बिझनेस लाउंज’, स्टार गोल्डला ‘सेनेटर लाउंज’. सेनेटर हे वरचं. फर्स्ट क्लासची त्याहून वेगळी, आणि 2004 पासून त्यांचं एक स्वतंत्र फर्स्ट क्लास टर्मिनलच आहे. आपल्या माणसाला हे उलटं वाटतं: लाखोंचं बिझनेसचं तिकीट असलेले आई-बाबा खालच्या लाउंजमध्ये आणि इकॉनॉमीवाला मुलगा वरच्या! पण तिथली पद्धत अशी आहे की ते आपल्या नेहमीच्या प्रवाशाला एकदा महाग तिकीट घेणाऱ्यापेक्षा वरचं स्थान देतात.

यातून तुमच्यापुढे दोन वाटा उरतात. तुम्ही सेनेटरमध्ये एका पाहुण्याला नेऊ शकता, म्हणजे आई किंवा बाबा, दोघं नाही. दुसरी वाट अशी की तिघंही बिझनेस लाउंजमध्ये बसायचं. वरच्या लाउंजचा हक्क असलेल्याला खालचं बंद नसतं. माझं स्पष्ट मत आहे की दुसरी वाट धरा. दोन्हीकडे सूप, ब्रेड, सॅलड, चहा-कॉफी मिळते. आई-बाबा शाकाहारी असतील तर खाण्यात जो थोडा फरक आहे तो त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना टेकून बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह आणि डोळ्यांसमोर मुलगा हवा.

फ्रँकफर्टची दुसरी खबरदारी याहून मोठी. तिथे काही लाउंजं शेंगेन (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या) बाजूला आहेत, काही बाहेरच्या बाजूला. तुम्ही दिल्लीहून येऊन अमेरिकेला जाणार, म्हणजे तुम्ही बी किंवा झेड गेटांच्या बाजूला राहायचं. भिंतीवरचा बाण ए गेटांकडच्या लाउंजचा दिसला आणि त्यामागे चालू लागलात, तर वाटेत पासपोर्ट तपासणी येते. ती ओलांडणं म्हणजे युरोपात प्रवेश करणं, आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. तेव्हा आधी आपलं गेट बघा, त्याच बाजूचं लाउंज शोधा. अमेरिकेच्या विमानांना गेटवर कागदपत्रं पुन्हा तपासतात, म्हणून उड्डाणाच्या निदान तासभर आधी लाउंज सोडा. लाउंजमध्ये विमानाची घोषणा बहुधा होत नाही. तुमच्या फोनवर गजर लावा, आणि बाबांच्याही.

व्हीलचेअरबद्दल इथेच सांगतो, कारण या बाबतीत नियमापेक्षा माणसांशी बोलणं जास्त कामी येतं. व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी प्रवाशाला सरळ गेटपाशी किंवा त्यांच्या ठरलेल्या प्रतीक्षाकक्षात नेऊन सोडतो. त्याला लाउंजची कल्पना नसते, आणि तुमच्यासाठी थांबायला वेळही नसतो. विमानातून उतरल्यावर पहिलं वाक्य त्याला हेच सांगा: "आम्हाला लाउंजच्या दारापर्यंत सोडा." मग लाउंजच्या काउंटरवर सांगा की बाबांना अमुक वाजता गेटपर्यंत व्हीलचेअर हवी, ते नोंद करून बोलावतात. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी काउंटरवर जाऊन आठवण करा. बाबांच्या बोर्डिंग पासमागे मी निळ्या पेनानं मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून देतो की यांना लाउंजमध्ये न्या, मुलगा सोबत आहे. गेल्या दिवाळीत सुदामानगरच्या एका आजोबांनी तो कागद प्रत्येक ठिकाणी नुसता पुढे केला आणि एकही शब्द न बोलता ते न्यूयॉर्कपर्यंत नीट पोचले.

शिकागोला उतरल्यावर लाउंजचा विषय नाही. स्टार गोल्डमध्ये पोचल्यावरची लाउंजं येत नाहीत, आणि बहीण न्यायला आलेलीच असेल. खरी गंमत परतीची आहे. ओहेअर विमानतळाच्या टर्मिनल 1 वरून लुफ्थान्सा सुटते आणि तिथे लाउंजं युनायटेडची आहेत, दोन प्रकारची. एक ‘युनायटेड क्लब’, दुसरं ‘पोलारिस’. पोलारिस लाउंज जगात पहिल्यांदा उघडलं ते याच विमानतळावर, डिसेंबर 2016 मध्ये. तिथे टेबलावर बसवून जेवण वाढतात, आंघोळीची सोय आहे, पडायला जागा आहे. लांबच्या आंतरराष्ट्रीय विमानात बिझनेसचं तिकीट असलेल्यांनाच ते मिळतं, आणि युनायटेडबरोबर स्टारमधल्या इतर कंपन्यांचे बिझनेसवालेही त्यात धरतात. म्हणजे आई-बाबांना पोलारिस उघडं आहे. तुम्हाला नाही. तुमचं गोल्ड तिथे चालत नाही, आणि बिझनेसवाल्याला पाहुणा नेता येत नाही हे वर आलंच आहे. दारावर विनंती करून बघू असं मनात आणू नका. तिथे नियम सोडत नाहीत आणि आई-बाबांसमोर उगाच ओशाळल्यासारखं होतं.

युनायटेड क्लबमध्ये मात्र तिघंही जाऊ शकता: तुम्ही गोल्डवर, आई-बाबा बिझनेसवर. माझा सल्ला असा आहे. बाबांची तब्येत ठीक असेल आणि उड्डाणाला चार तास असतील तर पहिला तास-दीड तास दोघांना पोलारिसमध्ये जेवू घाला. ते सी 18 गेटजवळ आहे. अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनची खिडकी नसते, त्यामुळे सुरक्षा तपासणीनंतर टर्मिनलमध्ये मोकळेपणानं फिरता येतं. तुम्ही दाराशी सोडा, आत गेल्यावर फोन करायला सांगा, मग घेऊन क्लबमध्ये या. आई एकटी बसायला घाबरते असं तुम्ही लिहिलंय, पण बाबा सोबत आहेत. तरीही ती "नको" म्हणाली तर आग्रह करू नका. तीन महिने लेकीकडे राहून निघताना आईचं मन जेवणात नसतं.

जाता जाता एक सांगतो. बहीण कदाचित म्हणेल, "माझ्याकडे युनायटेडचं गोल्ड आहे, तरी मला इथल्या विमानांना क्लब मिळत नाही, तुला कसं मिळेल?" तिचं खरं आहे आणि तुमचंही. युनायटेडनं आपल्याच सदस्यांना अमेरिकेतल्या अमेरिकेतल्या प्रवासात गोल्डवर क्लब ठेवलेला नाही, तो पैसे भरून घ्यावा लागतो. दुसऱ्या देशाच्या कंपनीचं स्टार गोल्ड असलेल्याला मात्र तिथल्या देशांतर्गत विमानांनाही तो मिळतो. उद्या तिघं मिळून युनायटेडनं कुठे फिरायला गेलात तर तुमच्या इंदूरच्या कार्डावर एक पाहुणा आत जाईल.

परतीला दिल्ली. रात्री उतराल, इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, आणि सकाळचं इंदूरचं विमान. इथे पुन्हा "इथून पुढचं विमान" हा नियम. दिल्ली–इंदूर या तुकड्यावर आई-बाबांचं तिकीट बिझनेसचं आहे की इकॉनॉमीचं, हे आत्ता उघडून बघा. लांबच्या विमानात बिझनेस आणि देशातल्या तुकड्यावर इकॉनॉमी अशी तिकिटं पुष्कळ निघतात, आणि प्रवाशाच्या ते लक्षातही येत नाही. बिझनेस असेल तर प्रश्न मिटला. इकॉनॉमी असेल तर ते इकॉनॉमीचेच प्रवासी धरून चला: तुम्ही गोल्डवर आत, एकजण तुमचा पाहुणा, आणि तिसऱ्याची सोय वेगळी करायची. आणि ही वेळ 20 तासांच्या प्रवासानंतरची असते, तिथे बाहेर कुणीच बसायला नको.

इथे बँकेचं कार्ड उपयोगी पडतं, पण तुमचं नाही. कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळावं लागतं. म्हणून बाबांच्या नावाचं कार्ड हवं. काही बँका तुमच्या क्रेडिट कार्डावर आई-वडिलांना जोडकार्ड देतात, काहींच्या पेन्शन खात्याच्या डेबिट कार्डावरही देशांतर्गत लाउंजच्या ठराविक खेपा असतात. मात्र ‘लाउंज फुकट’ असं माहितीपत्रकात वाचून थांबू नका. गेल्या काही वर्षांत बँकांनी खर्चाची अट घातली आहे. आयसीआयसीआय बँकेनं 1 एप्रिल 2024 पासून तिच्या बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्चाची अट लावली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती 75,000 केली. दुसऱ्या बँकांचंही साधारण असंच चाललंय. आधीच्या तिमाहीत, हे शब्द महत्त्वाचे: परतीच्या महिन्यात खर्च करून उपयोग नाही. लाउंजच्या मशीनवर कार्ड चालवतात तेव्हा 2 रुपये कापले जातात. ती पडताळणी असते. बाबांच्या कार्डावर शून्य शिल्लक किंवा व्यवहार बंद असतील तर त्या 2 रुपयांवर गाडी अडते, हे मी पाहिलेलं आहे. प्रायॉरिटी पासचं (लाउंजसाठीच्या सदस्यत्वाचं) कार्डही अनेकांकडे असतं, पण बँक ते देते तेव्हा बहुतेकदा भारताबाहेरच्या लाउंजसाठी देते, पाहुण्याचे पैसे नंतर बिलात लागतात. त्यावर दिल्लीच्या देशांतर्गत बाजूला भरवसा ठेवू नका.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण घरात कुणी म्हणेल, "लुफ्थान्सा कशाला, दुबई किंवा दोह्यामार्गे बिझनेस स्वस्त मिळतंय." मिळतं, कधी बरंच स्वस्त. पण ते भाडं कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा. एमिरेट्सनं 2019 मध्ये बिझनेस क्लासची अशी ‘स्पेशल’ भाडी आणली की ज्यात लाउंज नाही, आणि त्यानंतर कतार एअरवेजनं ‘लाइट’ भाडी काढली. सीट तीच, जेवण तेच, लाउंज वगळलेलं. शिवाय कतार वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात आहे आणि एमिरेट्स कोणत्याच गटात नाही, म्हणजे तुमच्या स्टार गोल्डला दोन्हीकडे किंमत नाही. आई-बाबांसाठी पैसे वाचवायला गेलात आणि दोह्यात तिघंही गेटजवळच्या खुर्च्यांवर रात्र काढताय, असं होऊ शकतं. तुमची निवड योग्य आहे, ती बदलू नका.

आता तुमच्या हातातली कामं. बुकिंगमध्ये तुमचा एअर इंडियाचा सदस्य क्रमांक लुफ्थान्साच्या तुकड्यांनाही घातलेला आहे का ते बघा. तो असेल तर बोर्डिंग पासवर ‘स्टार गोल्ड’ छापून येतं आणि दारावर कुणी काही विचारत नाही. कुणाच्या सांगण्यावरून मैल (प्रवासावर मिळणारे गुण) दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करायला गेलात तर तो क्रमांक बदलतो आणि ही छपाई जाते. मग फोनमधलं चालू मुदतीचं कार्ड दाखवावं लागतं. ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, विमानतळाच्या वायफायवर अवलंबून राहू नका. पासवर गोल्ड छापून आलं नसेल तर चेक-इन काउंटरवरच दुरुस्त करून घ्या, तिथे दोन मिनिटांचं काम आहे.

व्हीलचेअर लुफ्थान्सा आणि एअर इंडिया दोन्हींकडे, जाताना आणि येताना, प्रत्येक तुकड्याला नोंदवलेली आहे का तेही बघून घ्या. एका तुकड्याला राहून गेली तर नेमकी तिथेच लांब चालावं लागतं. आईची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि हे सगळं करण्याआधी, आजच, तिकीट उघडून दिल्ली–इंदूरच्या तुकड्यावर आई-बाबांचा क्लास कोणता आहे तेवढं बघा. इकॉनॉमी निघाला तर बाबांच्या कार्डासाठी बँकेत लगेच जा, कारण जोडकार्ड हातात यायला आणि तिमाहीचा खर्च मोजला जायला जो वेळ लागतो, तो तुमच्याकडे आत्ता आहे.